आखाजीपर्यंत थांबता येणार नव्हतं

आमच्याकडे सासुरवाशिणीला आजारी पडायची मुभा होती, मरायचीही होती. दवाखान्यात जायची तेवढी नव्हती. मी सांगते आहे ती जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा आणि जिल्ह्याचं गाव धुळं होतं. सासर म्हसावदचं. काळी जमीन, बारमाही पाण्याची विहीर, दावणीला बैल, कशाला म्हणून कमी नाही. माहेर तापीपलीकडे, नंदुरबारजवळ, रेल्वेच्या रुळाला लागून. मी मराठी चार यत्ता शिकले होते, पण घरात सगळे अहिराणीच बोलायचो. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आताही घेत नाही. समोर असताना 'तुम्ही' म्हणायचे. कागदावर 'तो' म्हणते. आता कोण येतंय रागवायला!

माझी तीन लेकरं गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सांगताना हात थांबणार नाही.

पहिलं सातव्या महिन्यात पोटातच गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून मी माहेरी होते, आणि सासरच्यांनी सगळा बोल माहेरच्या सुईणीला लावला. दुसऱ्या वेळी मला पाठवलंच नाही. ते सासरीच झालं, मेलेलंच, अंगाची कातडी सुटलेली. आता बोल लावायला माहेरची सुईण नव्हती, म्हणून मी उरले. सासूबाई म्हणाल्या, "कूखच खराब शे." मग भगत झाला, उतारे झाले, देवीचे नवस झाले, माझ्या दंडात ताईत बांधून झाला. नवऱ्याच्या दंडात काही बांधावं असं एकाच्याही मनात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण खरं सांगते, तेव्हा मलाही चोर माहीत नव्हता. मीसुद्धा स्वतःलाच शिव्या देत होते.

तिसऱ्या वेळी मुलगी झाली, आणि जिवंत झाली. केवढा आनंद म्हणून सांगू! पण तो आठवडाभरही टिकला नाही. तिचं नाक सारखं चोंदलेलं असायचं. दूध ओढायला तोंड लावलं की श्वास कोंडायचा आणि ती सोडून द्यायची. तळहात आणि तळपाय सोलवटून निघाले. तोंडावर म्हातारीसारख्या सुरकुत्या पडल्या. मी तिला पदराखाली झाकून ठेवायचे, कोणी बघायला आलं की झोपली आहे म्हणायचे.

तेवढ्यात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर मुलखात लेकी दिवाळीला माहेरी जातात, आमच्या खानदेशात आखाजीला जातात. न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी दारात उभा राहिल्याशिवाय सुनेने गावाची वेस ओलांडायची नाही, मग आभाळ कोसळो. माझा धाकटा भाऊ आला आणि मी मुलीला घेऊन माहेरी गेले. मायने तिला एकदा उघडून पाहिलं. ना भगत म्हणाली, ना देव. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला घेऊन ती रेल्वेत बसली.

नवापूरच्या बाजूला पाद्र्यांचा एक दवाखाना होता. तिथे डॉक्टरीणबाई होती, नगरकडची ख्रिस्ती, शुद्ध मराठी बोलणारी. तिने मुलीला तपासलं आणि मग मुलीला बाहेर मायकडे देऊन मलाच विचारायला लागली. लग्न झाल्यावर कधी अंगावर तांबूस चट्टे आले होते का? घसा धरला होता का? केस गळले होते का? आले होते, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घातली होती आणि ते आपोआप गेले होते. मग तिने विचारलं, "आणि नवऱ्याला? लग्नाआधी काही?"

मी खालमानेने सगळं सांगून टाकलं. कारण मला माहीत होतं. त्यानेच एकदा हसत सांगितलं होतं, मोठा पराक्रम केल्यासारखं. लग्नाच्या आदल्या वर्षी तो कापसाच्या गाड्या घेऊन बाजाराला गेला होता, तिथल्या कोठ्यावरून गरमीचा रोग घेऊन आला. घरच्यांनी हकीम गाठला. हकिमाने पाऱ्याची धुरी दिली, तोंड सुजलं, लाळ गळली, आणि खालची जखम भरली. जखम भरली तशा मुंडावळ्या बांधल्या. झालं! घरात सगळ्यांना वाटलं, पोरगा बरा झाला. त्यात लबाडी नव्हती, हेच वाईट. लबाडी असती तर निदान कोणाला तरी धाक असता.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "जखम भरली म्हणजे रोग गेला नाही, तो आत गेला. त्याच्यातून तुझ्यात आला, तुझ्यातून पोरांत." मग तिने मला नीट समजावलं. हे रक्तात दिसतं. हाताच्या शिरेतून रक्त घ्यायचं, मुंबईला पाठवायचं, आणि उत्तर आलं की सुया सुरू करायच्या, नवरा-बायको दोघांनाही. "पुढच्या खेपेला दिवस गेल्याचं कळलं की तशीच उठून ये. चौथा सरायच्या आत सुया सुरू झाल्या तर मूल वाचायची पुष्कळ आशा. त्यानंतर मला काही सांगता यायचं नाही." माझं रक्त आजच घेते म्हणून ती आत सुई उकळायला सांगायला गेली.

आणि बाहेरच्या ओटीवर, मायच्या मांडीवर, मुलीचा श्वास अडकला तो सुटलाच नाही.

त्यानंतर रक्ताचं कोणाला सुचतंय? भावाने मुलीला मातीत ठेवलं. आखाजी संपली. सासरचं बोलावणं आलं आणि मी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसले. त्याच वेळी पुन्हा दवाखान्यात गेले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं लोक आता सोप्या तोंडाने म्हणतात. ओल्या बाळंतिणीचं लेकरू गेल्यावर तिला कोणी विचारत नाही की बाई, तुला आज कुठे जायचं आहे.

मी मनाशी ठरवलं की पुढच्या आखाजीला रक्त देईन. आखाजी येईल, मुराळी येईल, आणि कोणाला न सांगता आम्ही मायलेकी जाऊन येऊ. मोठी शहाणी लागून गेले! पोट काही आखाजीची वाट बघत बसत नाही. दिवाळी सरली आणि माझी पाळी चुकली.

भाकरी थापता थापता मी महिने मोजायचे. कार्तिक पहिला, मार्गशीर्ष दुसरा, पौष तिसरा, माघ चौथा. आखाजी वैशाखात. म्हणजे मुराळी दारात उभा राहील तेव्हा मला सातवा लागलेला असेल. सातवाच तर माझा वैरी होता! कितीही उलटं मोजा, सुलटं मोजा, हिशेब तोच येई. पिठात हात तसेच राहायचे आणि तव्यावरची भाकरी करपायची.

आधी मी नवऱ्याला सांगितलं. पोट आहे म्हटल्यावर तो खुलला. रक्ताचं काढलं तसा चेहरा पालटला.

"माले काय धाड भरेल शे? दिसभर वावरमा राबस मी."

"बाईने दोघांचं म्हणून सांगितलंय."

"त्या बाईले काय समजस! गावमा समजनं त मन्हं नाक कापाई जाई."

नाक! तीन लेकरं मातीत गेली, माझी अब्रू गावाच्या पाणवठ्यावर धुतली गेली, आणि याला नाकाची काळजी. मी बोलले नाही. बोलले असते तर पोटावर लाथ बसली असती असं नाही, हात उगारणारा तो नव्हता. पण घराबाहेर जाऊन बसला असता आणि चार दिवस माझ्याशी बोलला नसता, आणि ते चार दिवस मला परवडणारे नव्हते.

मग सासूबाईंना म्हटलं, "आत्या, मला बरं वाटत नाही. डॉक्टरीणबाईला दाखवून येते."

त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आखाजीले जाशीच ना? इतली काय घाई शे तुले?"

काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तुमच्या मुलाचा रोग, असं सांगावं तर मला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं. न सांगावं तर पोटातलं चौथंही त्याच वाटेने जाणार होतं. मी त्या दिवसांत झोपेत दचकून उठायचे आणि पोट चाचपायचे. पायी निघून जावं असं कितीदा मनात आलं, पण मध्ये तापी, आणि एकटी बाई दिसली की पहिल्याच गावात तिला अडवून विचारणार, कोणाची तू? विहिरीवर पाणी ओढताना मी खाली बघणं सोडलं, कारण खाली बघितलं की मला बरं वाटायचं. असे होते ते दिवस.

मार्गशीर्षात कासारीण आली. गावोगावच्या बाजारांना बांगड्या घेऊन फिरायची, तळोद्याचा बाजार झाला की नंदुरबारचा. सुनेला परक्या माणसाशी बोलायची चोरी, पण कासारणीच्या हातात हात द्यावाच लागतो, आणि बांगडी चढेपर्यंत ती काही बाई सोडत नाही. मी हात आखडून धरला, म्हणजे बांगडी अडावी. आणि हळूच म्हणाले, "मावशी, मन्ही मायले सांग. आखाजीना पह्यले मुराळी धाड म्हना. तिसरा लागी ऱ्हायना." तिने माझ्याकडे पाहिलं, बांगडी सरकवली आणि मोठ्याने म्हणाली, "हात कवळा शे व पोरना!" कळलं की नाही, मला काही समजलं नाही. ती गेली आणि मी पुन्हा महिने मोजत बसले.

पौष निम्मा सरला. मी आशा सोडली होती. एका सकाळी अंगणात बैलगाडीचा आवाज झाला आणि माझा भाऊ उतरला. ओसरीवर टेकला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याने हात लावला नाही. आमच्याकडे वाईट बातमी घेऊन आलेला माणूस ती सांगेपर्यंत पाणी पीत नाही. 

"मायनं काही खरं नही," तो खाली बघून म्हणाला. "आक्काले धाडा."

मी ओरडलेच. मी मुराळी मागितला होता, मायचं मरण मागितलं नव्हतं! मला वाटलं, देवाने माझं मागणं ऐकलं आणि त्याची किंमत मायच्या जिवाने वसूल केली. मी अशी रडले की शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. सासूबाईंनी स्वतः माझं गाठोडं बांधलं. आणि मुलाला म्हणाल्या, "तू बी जाय. सासूनं तोंड दखी ये. जवाई नही गया त लोक काय म्हनतीन?" म्हणजे रीतच अशी की तोही गाडीत बसला. प्रकाशा गावाशी तापी ओलांडताना मी पाण्याला हात जोडले. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, दुःखाने.

माहेरच्या अंगणात गाडी शिरली तर माय खाटेवर नाही, अंगणात. मिरच्या वाळत घालत होती. धडधाकट!

मी गाडीतून पडता पडता राहिले. नवरा आधी बावचळला, मग तापला. "ही काय थट्टा शे? जित्या माणसाच्या मरणाची बातमी देता?" असं काहीतरी ओरडायला लागला. मायने हातातल्या मिरच्या झटकल्या, पदर डोक्यावरून ओढला आणि म्हणाली, "मी मराले टेकस नही तोवर मन्ही पोरले तुमना दारना भाईर कोन सोडस, जवाईबुवा? म्हनीसन मरनं पडनं माले."

स्वतःच्या मरणाचं खोटं सांगणं किती अशुभ मानायचे, ते आजच्या पोरींना कळणार नाही. भाऊ तयार नव्हता, तिने त्याला शपथ घातली होती. मी तिच्या गळ्यात पडले, आणि मला तिचा रागही आला. सबंध वाटभर मी तिला मेलेली समजून रडले होते. मी तिच्या पाठीवर एक धपाटाही घातला. ती म्हणाली, "घाल आनखी. पन सकाय गाडीवर बसनं शे."

जावई जेवल्याशिवाय जात नाही, आणि मायने मांडे केले होते. आमचे खापरावरचे मोठे मांडे, सणावारीचे. जेवताना तो निवळला. दुपारी गोठ्याशी मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि हात जोडले. म्हटलं, "तुम्हाला काही करायचं नाही. नुसते माझ्याबरोबर चला." तो चला म्हणाला. खरंच म्हणाला. मी त्याला अगदीच काळा रंगवणार नाही. मुलगी गेल्याचं कळलं तेव्हा तो गव्हाणीआड तोंड करून रडला होता, हे मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओटीवर रांग होती. नवापूरकडच्या डोंगरातली माणसं, कोकणा जमातीची बोली बोलणारी, काही ख्रिस्ती, काही हिंदू. आम्ही कडेला उभे राहिलो. रांगेतला एक माणूस उठला. सुगीला आमच्याच वावरात ज्वारी कापायला येणारा गडी! बायकोला घेऊन आला होता. त्याने आपली जागा झटकली आणि अगदी आदराने म्हणाला, "पाटील, बसा इथं."

बिचाऱ्याने चांगुलपणाच केला. पण नवऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. आपल्या गड्याच्या रांगेत, आपल्या गड्याने दिलेल्या जागेवर, असल्या रोगासाठी बसायचं! तो म्हणाला, तंबाखू घेऊन येतो. आणि खाली उतरला. मी त्याच्या पागोट्याकडे बघत राहिले, आता वळेल, आता वळेल. ते स्टेशनच्या वाटेला लागलं आणि दिसेनासं झालं.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी एकटीच आत गेले.

डॉक्टरीणबाई चिडली. "तो आला नाही तर आज तुला बरी करीन आणि उद्या त्याच्याकडून पुन्हा घेऊन येशील. गळक्या घागरीत पाणी भरायचं का मी?" मी रडायलाच लागले. म्हटलं, "बाई, त्यांना मी आणीन केव्हातरी. कसंही करून आणीन. पण पोटातलं थांबायचं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि दंडाला रबराची नळी बांधली. "आधी मूल," ती म्हणाली. रक्त काचेच्या नळीत भरताना मला वाटलं होतं ते काळं असेल, नासलेलं असेल. चांगलं लाल होतं, कोणाचंही असतं तसं.

उत्तर येईपर्यंत सुई टोचणार नाही म्हणाली, औषध फार जहाल होतं. म्हणजे पुन्हा थांबणं. पौष संपला, माघ लागला, चौथा महिना लागला. मी वेड्यासारखी झाले. रेल्वेची शिट्टी वाजली की वाटायचं, यातून उत्तर आलं असेल. मग आम्ही गेलो आणि बाई म्हणाली, "आहे. रक्तात आहे." मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. रोग निघाला म्हणून आनंदाने रडलेली बाई या जगात मी एकटीच असेन. पण वर्षानुवर्षं जिला सगळ्यांनी करंटी म्हटलं, तिच्या रोगाला आज नाव मिळालं होतं आणि त्यावर औषध होतं. मायला सगळं कळलं नाही, पण तिने बाईच्या पायाला हात लावला.

मग सुया. दर आठवड्याला रेल्वेने जायचं, एक सुई हातात, एक ढुंगणात. ढुंगणावरची अशी दुखायची की बाकावर बसता येईना, मी दारापाशी उभी राहून परत यायचे. उलट्या व्हायच्या, हिरड्या सुजायच्या. वाटायचं, हे विष पोटातल्यालाच मारत नसेल ना? विचारायची भीती वाटायची. विचारलं आणि बाई हो म्हणाली तर?

तिकडे नवऱ्याने घरी जाऊन सांगितलं होतं की माय ठणठणीत आहे आणि सगळा बनाव होता. रक्ताचं अर्थातच सांगितलं नसणार. सासरहून निरोप आला, "जिती मायले मारनारी बाई आमले नको." पुढे कानावर आलं की शहाद्याकडे एक स्थळ पाहिलंय, दुसरं लग्न लावणार. त्या पोरीचं काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. तिच्या अंगावरही तांबूस चट्टे येतील, तिलाही कडुनिंबाची आंघोळ घालतील. पण मी काय करणार होते! उठून जावं तर सुई चुकणार. मी उशीत तोंड घालून नुसते दात खायचे.

वैशाख आला. आखाजीला गावभरच्या लेकी माहेरी आल्या, लिंबांना झोके बांधले, गाणी सुरू झाली. मी आत बाजेवर पडून होते, पोटावर दोन्ही हात ठेवून. सातवा लागला होता. सकाळपासून हालचाल जाणवली नव्हती. बाहेर पोरी झोक्यावर खिदळत होत्या आणि मी आत देवाला शिव्या देत होते, होय, शिव्याच. माय आली, तिने माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि पोटाला कान लावून बसली. तशीच बसली, जेवणही विसरली. आणि मग पोटातून तिच्या गालावर लाथ बसली. तिने डोकं उचललं, तोंडाला पदर लावला आणि बाहेर जाऊन झोक्यावरच्या पोरींना ओरडली की जोराने गा गं, घसे बसले का तुमचे?

श्रावणात मुलगी झाली. बाहेर येताच असं भोकाड पसरलं की सुईण म्हणाली, ही घर डोक्यावर घेणार. मी आधी तिच्या नाकाला कान लावला. मोकळं होतं. मग मुठी उघडल्या, तळवे पाहिले. गुळगुळीत. तरी मला विश्वास बसेना. दर थोड्या वेळाने मी तिची मूठ उघडायचे आणि ती चिडून रडायची.

बातमी म्हसावदला गेली. तापीला पूर होता, तरी नावेतून सासूबाई आल्या. मागे नवरा, खाली मान. दुसरं लग्न ठरता ठरता राहिलं होतं. दारातूनच सासूबाईंनी हात पसरले.

"पोर शे त शे. जिती शे ना? दे व इकडे."

मी मुलीला छातीशी घट्ट धरलं. "आधी यांचं रक्त," मी म्हणाले.

"कसानं रगत?"

मग मी सगळं बोलले. कापसाच्या गाड्या, हकिमाची धुरी, गरमी, तो शब्दही उच्चारला, सासूसमोर, भावासमोर. "मी तुमच्या घरी येऊन पुन्हा मुलं पुरायची नाही. यांनी रक्त दिलं, सुया घेतल्या, तर येईन. नाहीतर ही माझी मुलगी, हे माझं माहेर." नवरा "तोंड सांभाळ" म्हणून पुढे आला. मी म्हटलं, "आयुष्यभर सांभाळलं, तीन गेली." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मला वाटलं, आता सासूबाई कडाडतील. त्या बाजेच्या कडेला बसल्या. मुलीला माझ्याकडून घेतलं नाही, पण तिची मूठ हळूच उघडली आणि तळवा पाहिला. मग तळपाय पाहिला. मग वाकून तिच्या नाकाला कान लावला. मी पाहिलं होतं अगदी तेच सगळं.  हे बघायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं?

"मन्हा बी असाच गयात," त्या म्हणाल्या. "हाऊ होवाना पह्यले. समदाच." हा मुलगा व्हायच्या आधीची. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच वारले होते, आणि त्या घरात आधीच्या लेकरांविषयी कधी कोणी एक शब्द काढला नव्हता. त्यांनाही तेव्हा कोणीतरी म्हणालं असणार, कूखच खराब.

मग त्या मुलाकडे वळल्या. "सकाय गाडीवर जावानं शे. रगत देवानं शे." तो "माय, पन" म्हणाला. "जावानं शे म्हनी ऱ्हायनू ना!" त्या अशा ओरडल्या की बाळ दचकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. डॉक्टरीणबाईने टेबलावर सुई काढली तसा नवरा भिंतीला टेकला. सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी लुगड्याचा पदर खांद्यावर सारला, सुरकुतलेला दंड टेबलावर ठेवला, आणि आयुष्यात कोणापुढे आवाज न उतरवलेली ती बाई अगदी हळू म्हणाली, "बाई, आते इतला वरीसनं मन्हा रगतमा दिसी का? दवा नको माले. मन्ही कूख खराब नव्हती, इतलंच सांगी दे."